तळ्याचा गाळ आणि जमिनीचें जुनें देणें

पावसाच्या लहरीपणाची गोष्ट निघाली कीं शेतकऱ्यांच्या बैठकींत एक वाक्य हटकून ऐकूं येतें : "हवामान काय, तें पूर्वींही बदलत होतें, वाडवडील जगले, तसे आपणही जगूं." हें बोलणारे लोक अडाणी नसतात. चांगली जमीन बाळगणारे, वर्तमानपत्र वाचणारे, चार ठिकाणीं सल्ला विचारला जाणारे असेच ते बहुधा असतात. आणि त्यांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग अगदीं खरा आहे. हवामान पूर्वीं बदललें. एकदां नव्हे, अनेक वेळां बदललें. आमचें भांडण आहे तें दुसऱ्या अर्ध्याशीं. पूर्वींचा बदल आला तसा निघून गेला आणि मागें कांहीं ठेवून गेला नाहीं, अशी जी समजूत त्यांत दडलेली आहे ती चुकीची आहे. आणि काळ्या जमिनीच्या मालकांस, विशेषतः वऱ्हाडांतील पूर्णेच्या खोऱ्यांतील मालकांस, ती महाग पडण्यासारखी आहे.

आमचें शिक्षण मराठी शाळेचें आणि नोकरी महसूल खात्यांतील कारकुनाची. शास्त्र सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. परंतु उभा जन्म दफ्तरांत गेल्यामुळें जुना कागद कसा वाचावा, कोणत्या नोंदीवर विश्वास ठेवावा आणि कोणती नोंद पुन्हां ताडून पाहावी, एवढें कळतें. पैसेवारीच्या वेळीं 'सरासरी पर्जन्यमान' म्हणून जो आकडा आम्ही बेधडक लिहीत असूं, तो किती वर्षांच्या नोंदींवरून आला ह्याचा विचार सेवेंत असतां आम्हीं कधीं केला नाहीं. आतां केला तर असें दिसतें कीं, ती वही दीडशें वर्षांच्या फारशी मागें जात नाहीं. भारतीय हवामान खातेंच मुळीं 1875 सालीं स्थापन झालें. 1876-78, 1896-97, 1899-1900 आणि 1972 ह्या सालांचे दुष्काळ तींत सांपडतील. त्यामागच्या हजारों वर्षांबद्दल वही मुकी आहे. त्याहून जुनें दफ्तर पाहणें असेल तर तें तळ्यांच्या तळाशीं आहे, आणि तें वाचण्याची विद्या आतां बरीच पुढें गेलेली आहे.

तें दफ्तर कसें लिहिलें जातें हें प्रथम सांगितलें पाहिजे. आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारें 6 कोटि 60 लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. विहीर खणणारास त्याचीं सर्व रूपें ठाऊक असतात. तळाशीं सुरुंगावांचून न फुटणारा खडक, त्यावर टिकावानें निघणारा मऊ कुजका दगड, त्यावर मुरूम आणि सर्वांवर माती. ह्या पायऱ्या मुख्यतः पावसानें घडविलेल्या आहेत. पावसाचें पाणी हवेंतील आणि मुळांनीं सोडलेला कर्बाम्ल वायु घेऊन किंचित् आंबट होतें, आणि तें आंबट पाणी खडकाचे कण हळूहळू पोखरतें. त्यांतून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम सुटून पाण्यांत विरघळतात. मागें उरते ती चिकण माती आणि लोहाचा गंज. पाऊस भरपूर असला तर विरघळलेलीं द्रव्यें नदीवाटे समुद्रास मिळतात. पाऊस बेताचा असला तर तीं पुरतीं वाहून जात नाहींत. मातीच्या पोटांत अर्ध्या वाटेवर अडकतात, आणि उन्हाळ्यांत ओल उडाली कीं कॅल्शियमाची चुनखडी बनते. नांगराच्या फाळास लागणारे पांढरे खडे ते हेच.

ज्यांनीं महाबळेश्वर-पांचगणीचीं पठारें पाहिलीं असतील त्यांना माथ्यावरचा तांबडा जांभा आठवेल. खालीं तोच काळा पाषाण, पण वर जांभा. शास्त्रज्ञ त्यास आजच्या पावसाचें काम समजत नाहींत. फार पुरातन अशा उष्ण व दमट काळांत त्या खडकाचें सर्व सत्त्व धुऊन निघालें आणि लोह व अल्युमिनियम तेवढें उरलें, असें ते सांगतात. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर गेलेल्या काळाचें हवामान दगड होऊन बसलें आहे. तसेंच तें आपल्या शेतांतही बसलेलें आहे. फरक एवढाच कीं तें आपण रोज नांगरतों.

आतां तळ्याकडे वळूं. खडक कुजून झालेली माती ओघळानें तळ्यांत येते. विरघळलेली द्रव्यें पाण्याबरोबर येतात. एकावर एक थर बसत जातात. पाऊस जोराचा असेल त्या काळीं काठावरची माती पुष्कळ येते. पाऊस हटला कीं माती कमी येते, पाणी आटतें, आणि विरघळलेला खार घट्ट होऊन त्याचे खडे पडतात. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू अशी दोन्ही त्या गाळांत नोंदलेली असते.

आपल्या प्रांतांत ह्या कामास बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारच्या तळ्यासारखें दुसरें तळें नाहीं. उल्का पडून काळ्या पाषाणांत झालेला तो खळगा सुमारें 1.8 किलोमीटर रुंद आणि काठापासून शंभर मीटरांहून अधिक खोल आहे. तो किती जुना ह्याविषयीं एकमत नाहीं. पूर्वीं सुमारें 50,000 वर्षें मानीत, 2011 सालीं निराळ्या पद्धतीनें मोजतां 5 लक्ष 70 हजारांच्या आसपास आकडा निघाला. आपल्या कामास त्या वादाशीं कर्तव्य नाहीं. आपल्याला महत्त्वाचें तें हें कीं, ह्या तळ्यास पाणी येण्याच्या वाटा आहेत, धारेचा झरा आहे, उतारावरचे ओघळ आहेत. पण वाहून जाण्याची वाट नाहीं. जें आलें तें तेथेंच राहिलें; पाण्याचा खर्च तेवढा उन्हानें केला. म्हणून पाणी खारट व पापडखारासारखें आहे, आणि पूर्वीं त्यांतून खार काढून विकीतही असत. कारकुनाच्या भाषेंत सांगावयाचें तर ज्या खात्यांतून कधीं कांहीं बाहेर गेलें नाहीं अशी ती किर्द आहे.

2008 सालीं जर्मन व भारतीय संशोधकांनीं ह्या तळ्याच्या तळांतून सुमारें दहा मीटर लांबीचा गाळाचा दंड काढला, आणि त्याचें वाचन 2014 सालीं प्रसिद्ध झालें. त्या दंडांत सुमारें 11,000 वर्षें आहेत. आरंभींचीं हजारों वर्षें आजच्यापेक्षां बलवान् पावसाचीं दिसतात. मग पाऊस हळूहळू उतरणीस लागतो. आणि दोन ठिकाणीं गाळांत गेलुसाइट नांवाच्या खाराचे खडे सांपडतात. हें खनिज सोडियम व कॅल्शियम ह्यांच्या कर्बितांचें असून पाणी फार आटून खार घट्ट झाल्याखेरीज बनत नाहीं. तीं दोन ठिकाणें म्हणजे आजपासून सुमारें 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वींचा काळ आणि सुमारें 2,000 ते 600 वर्षांपूर्वींचा काळ. एक सातशें वर्षांचा, दुसरा चौदाशें वर्षांचा. राजस्थानांतील लूणकरणसरचें तळेंही सुमारें 5,500 वर्षांपूर्वीं कोरडें पडलें, असें तेथील गाळावरून ठरलेलें आहे.

हे आकडे ऐकून कोणी घाबरूं नये, आणि कोणी त्यांचा अतिरेकही करूं नये. चौदाशें वर्षें एकसारखा दुष्काळ होता असा त्याचा अर्थ नाहीं. पावसाचा कल कोरडेपणाकडे होता आणि तळें वरचेवर आटत होतें, एवढाच अर्थ. त्याच काळांत वाकाटकांनीं राज्य केलें, अजिंठ्याचीं लेणीं कोरलीं गेलीं, देवगिरीच्या यादवांचा उत्कर्ष झाला. शेती बंद पडली असती तर हें कोठून झालें असतें? शिवाय पुणें जिल्ह्यांतील इनामगांवची जुनी शेतकरी वस्ती सुमारें 2,700 वर्षांपूर्वीं उठली, आणि उत्खनन करणाऱ्या विद्वानांनीं त्याचें कारण कोरडें होत गेलेलें हवामान म्हणून सांगितलें. पण ती तारीख लोणारच्या दोन्ही कोरड्या काळांत बसत नाहीं. दोन दफ्तरें जुळत नसतील तर दोन्ही पुन्हां पाहावीं. गांव उठण्यास पावसाखेरीज दुसरीं कारणेंही असूं शकतात.

म्हणजे वाडवडील जगले हें तर लोणारच्या गाळानेंच सिद्ध केलें, असें आमचे मित्र म्हणतील. जगले खरे. पण त्यांच्या जमिनीचें काय झालें? हा प्रश्न आम्हीं कोणास विचारतांना ऐकिला नाहीं.

लोणार घाटावर आहे. त्याच जिल्ह्यांत घाट उतरून उत्तरेस गेलें कीं तापीस मिळणाऱ्या पूर्णेचें खोरें लागतें. बुलढाणा, अकोला व अमरावती ह्या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा तो हाच. विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, आणि जमीन मात्र पाहणाराचें मन निववील अशी काळीभोर व खोल. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं ह्या व अशा इतर काळ्या जमिनींचा अनेक वर्षें अभ्यास केला आहे. त्यांचें म्हणणें आमच्या शब्दांत असें : ह्या जमिनींतील जी फुगणारी चिकण माती, जिच्यामुळें ओल टिकते आणि रब्बी पिकते, ती आजच्या सुमारें 800 मिलिमीटर पावसांत एवढ्या प्रमाणांत बनणें शक्य नाहीं. ती आधींच्या अधिक दमट काळांत डोंगरउतारावर पाषाण कुजून तयार झाली आणि वाहून खोऱ्यांत साठली. पुढें हवामान कोरडें झालें. धुऊन नेणारें पाणी उणें पडलें. तेव्हां कॅल्शियम चुनखडी होऊन बसला आणि मातीच्या कणांस चिकटण्यास सोडियम मोकळा राहिला. सोडियम चिकटलेली माती ओली झाली कीं तिचे कण सुटे होऊन छिद्रें बुजवितात, पाणी खालीं उतरत नाहीं, आणि वाळली कीं ती दगडासारखी होते. ह्यालाच आपण चोपण म्हणतों. खोऱ्यांतील विहिरींचें पाणी खारें कां, ह्यावर मतें निराळीं आहेत, त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु जमिनीच्या पोटांतील चोपणपणा ही कोरड्या काळाची करणी आहे, एवढें ह्या अभ्यासानें आमची खात्री पटण्यापुरतें दाखविलें आहे.

जमीन आपली म्हणून सातबाऱ्यावर आपलें नांव आहे. पण तिची चिकण एका काळाच्या पावसानें दिली आणि तिच्यावरचें देणें दुसऱ्या काळाच्या पावसानें ठेविलें. बोजा इतर हक्कांच्या रकान्यांत लिहिलेला नाहीं म्हणून तो नाहीं, असें नव्हे.

हें आम्हांस पुस्तकानें शिकविण्यापूर्वीं एका गांवानें शिकविलें होतें. आम्हीं तेव्हां शिकून घेतलें नाहीं, हा आमचा दोष. सेवेंत असतां एका खोऱ्यांतील गांवास पाटाचें पाणी आलें. जिराईत खोडून बागाईत लिहिण्याचें काम आमच्या हातून झालें, आणि त्या दिवशीं गांवांत पेढे वाटले गेले. पहिलीं दोनतीन वर्षें पीक असें आलें कीं लोकांनीं मागचीं कर्जें फेडलीं. नंतर सरींत पाणी तुंबूं लागलें. पिवळेपणा आला. एका वृद्ध कास्तकारानें आम्हांस बांधावर नेऊन खणलेला खड्डा दाखविला. वर हातभर माती भुसभुशीत. त्याखालीं पांढऱ्या खड्यांचा थर, आणि त्याखालीं शिळेसारखी चकचकीत, बोटानें दाबतां न दबणारी काळी माती. तो म्हणाला, "भाऊसाहेब, वरतून वावर लोण्यावाणी हाय, पन खालीं पानीच उतरत नाहीं. हे माती तुमच्या कागदावर कुठीसा लिवली हाय?" आम्हीं पंचनामा केला, तो वर पाठविला. पाणीपट्टीची मागणी मात्र बागाइताप्रमाणेंच निघत राहिली, आणि ती वसूल करण्यासाठीं त्याच म्हाताऱ्याच्या दारीं आम्हांसच जावें लागलें. तो कालवा कोणता आणि तें कार्यालय कोणतें, हें सांगण्याचें येथें प्रयोजन नाहीं. त्याचा प्रश्न खरा होता. ती माती कोणत्याच कागदावर लिहिलेली नव्हती.

आजही ती लिहिली जात नाहीं. 2015 सालीं केंद्र सरकारनें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली, ती चांगली आहे, तिची आम्ही थट्टा करीत नाहीं. परंतु तिच्यासाठीं नमुना घ्यावयाचा तो वरच्या 15 ते 20 सेंटीमीटरांतील मातीचा. म्हणजे नांगराच्या तासाएवढाच. खताची मात्रा ठरविण्यास तो पुरेसा आहे. पण जुन्या काळाचें देणें दोन हात खालीं आहे. वरच्या पानावरील शिल्लक वाचून संपूर्ण खातें निल आहे असा दाखला द्यावा, तसा हा प्रकार होतो. दुसरें असें कीं, विनिमयक्षम सोडियम शेंकडा 15 च्या वर गेला तरच जमीन चोपण धरावी, असा जो परका मापदंड अनेक ठिकाणीं वापरतात, तो आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीस लागू नाहीं. येथें शेंकडा 5 च्या सुमारासच पाण्याचा निचरा मंदावूं लागतो, असें वर सांगितलेल्या शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. पंधराची वाट पाहणारा शेतकरी आठनऊवरच बुडतो, आणि कागद त्याला निरोगी म्हणत राहतो.

ह्यास्तव आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, खोल काळ्या जमिनींत पाटाचें किंवा विहिरीचें बारमाही पाणी देण्यापूर्वीं प्रत्येक शिवारांत निदान एकदोन ठिकाणीं मीटरभर खोल खड्डे घेऊन थराथराची माती तपासली जावी, आणि तो दाखला जमिनीच्या कागदपत्रांबरोबर राहावा. हें काम सरकार करील तेव्हां करो. आपल्या मंडळासारख्या संस्थेनें तें आपल्या सभासदांपुरतें आजच करतां येण्याजोगें आहे. खर्च मजुराच्या दीड दिवसाचा आणि तपासणीच्या शुल्काचा.

कोणी म्हणेल, दोष सांपडला तर उपाय काय? उपाय आहेत, आणि ते नवीन नाहींत. जिप्सम घातल्यास त्यांतील कॅल्शियम सोडियमास हुसकून लावतो. मात्र हुसकलेला सोडियम जाण्यास वाट पाहिजे, म्हणून चर काढल्यावांचून जिप्सम घालणें म्हणजे घरांतला केर एका कोपऱ्यांतून दुसऱ्यांत नेणें. धैंचा गाडल्यानें मुळांचा आंबटपणा चुनखडीवर काम करतो आणि तिच्यांतूनच कॅल्शियम मोकळा होतो. कोरड्या काळानें ठेविलेल्या खड्यांत थोडें औषधही ठेविलें आहे म्हणावयाचें. खारपाणपट्ट्यांत शेततळ्यांतील पावसाचें पाणी एखाददुसऱ्या वेळीं देणें हें विहिरीच्या खाऱ्या पाण्यापेक्षां कितीतरी बरें. भरपूर पाण्याच्या मोहानें भिजविणें मात्र तेथें टाळलेंच पाहिजे, मग शेजाऱ्याचा ऊस कितीही हिरवा दिसो.

आतांच्या बदलाविषयीं थोडें बोलणें प्राप्त आहे, कारण आमच्या मित्रांचें मूळ वाक्य त्याविषयींच आहे. लोणारच्या गाळांत पाऊस उतरला तो शतकांच्या संथ चालीनें. आतांची गोष्ट घाईची आहे. मध्य भारतांत 1950 ते 2015 ह्या काळांत विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग सुमारें तिपटीनें वाढले, असें 2017 सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत आहे. असा पाऊस आंकड्यांत भरपूर दिसतो, पण तो जमिनींत मुरून खार धुऊन नेत नाहीं. चोपण जमिनीवर तर तो वरून वाहून जातो आणि जातांना जुन्या दमट काळाची कमावलेली चिकण बरोबर नेतो. देशांतील जमिनीची धूप दरसाल हेक्टरीं सरासरी 16 टनांहून अधिक आहे, असा हिशेब 1983 सालींच झालेला होता. खडक कुजून तेवढी माती परत येण्यास जो काळ लागतो तो शेतकऱ्याच्या पिढ्यांनीं मोजण्यासारखा नाहीं. सरासरी पूर्ण झाली, सबब दुष्काळ नाहीं, असा शेरा आम्हीं पुष्कळ वेळां लिहिला आहे. आज कोणी तो लिहावयास सांगितला तर हात अडखळेल.

लोणारचें पाणी जून 2020 मध्यें गुलाबी झालें तेव्हां गांवोगांवचे लोक पाहण्यास धांवले. खारांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग होता. त्या गर्दींतील किती जणांनीं आपल्या शेतांतला खार पाहण्यास खड्डा खणला असेल, कोण जाणे.

ज्यांस मंडळाची वाट पाहणें नको असेल त्यांनीं एक साधी परीक्षा घरीं करावी. वैशाखांत, जमीन भेगाळलेली असतांना, कमरेइतका खड्डा खणावा. पाऊस लागल्यावर भिंती ढासळतात व थर ओळखूं येत नाहींत. दर हातभर खोलीचें एक लहान, हरभऱ्याएवढें वाळलेलें ढेकूळ घ्यावें. कांचेच्या स्वच्छ पेल्यांत मागच्या पावसाळ्याचें सांठविलेलें पाणी, तें नसल्यास बॅटरींत घालावयाचें शुद्ध पाणी, ओतून त्यांत तें अलगद सोडावें. ढवळूं नये, हलवूं नये. ढेकूळ नुसतें फुटून तळाशीं बसलें आणि वरचें पाणी निवळ राहिलें तर भय कमी. दुसऱ्या दिवशींही ढेकळाभोंवतीं दुधासारखा धूसर ढग राहिला तर त्या थरांत सोडियमानें घर केलें आहे असें समजावें, आणि त्या थराची माती, खोली लिहून, प्रयोगशाळेकडे पाठवावी. पेला विहिरीच्या पाण्यानें मात्र भरूं नये; त्यांतील खारामुळें ढग धरत नाहीं आणि जमीन चांगली असल्याचा भास होतो.